ओसाकातलं मॅन्शन

“टिपणीस घराण्याचा इतिहास यापुढे दोन भागांत लिहिला जाईल,” राजेशराव म्हणाले. “जपानच्या आधीचा आणि जपानच्या नंतरचा.”

वाक्य त्यांनी उभं राहून, एक हात फ्रिजवर टेकवून म्हटलं होतं. त्यांच्या स्वेटरच्या पाठीला ड्रायरमधला वासाचा कागद चिकटलेला होता. सुनेने, हिमानीने, मागून येऊन तो ओढला तेव्हा ‘चट्’ असा आवाज होऊन बारीक ठिणगी उडाली आणि राजेशराव ‘आई गं’ म्हणून खाली बसले. वीज मंडळात सारी नोकरी काढलेल्या माणसाचं विजेशी आता एवढंच नातं उरलं होतं.

शोभनाने मान वर केली नाही. तिच्यापुढे कोमट पाण्यात मोड आलेल्या वालांचं पातेलं होतं, आणि बिरडं करायचं तर एकेक दाणा चिमटीत धरून त्याचं साल काढावं लागतं. नवऱ्याने घराण्याचा इतिहास असा दुभागलेला तिने यापूर्वीही पाहिला होता. इमूपालनाच्या आधीचा आणि नंतरचा. सागवानाच्या आधीचा आणि नंतरचा. दर वेळी वाल तिनेच सोलले होते.

“दादा, सुपर्ब!” रवी म्हणाला.

रवी म्हणजे धाकटा दीर. मे अखेरच्या, मेमोरियल डेच्या जोडून आलेल्या सुटीत तो व्हर्जिनियातल्या हर्नडनहून मिनेसोटात ईडन प्रेरीला आला होता, भावाला भेटायला. काही माणसं कुणाकडे जाताना फराळाचा डबा नेतात, तशी रवी स्कीम नेत असे. या खेपेला ओसाकातला जुना फ्लॅट होता. त्याच्या ऑफिसातल्या कुणी तरी तसा घेतला होता, येन पडलेला होता, आणि जग मूर्खांनी भरलेलं असल्यामुळे ही गोष्ट अजून कोणाच्या लक्षात आलेली नव्हती.

जपानात असल्या फ्लॅटला मॅन्शन म्हणतात. हा खुलासा राजेशरावांनी इथल्या मराठी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर केलेला नव्हता. तिथे सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की टिपणीस ओसाकात मॅन्शन घेताहेत. मॅन्शन एकतीस चौरस मीटरचं होतं.

“बाबा, मी लास्ट टाइम सांगतो,” केदार म्हणाला. तो लॅपटॉप टीव्हीला जोडत होता. “जुनं घर जपानात डेप्रिशिएट होतं. गाडीसारखं. त्यापेक्षा ठाण्याचे पैसे सरळ इंडेक्स फंडात टाका आणि विसरून जा.”

“विसरून जायला मी आहेच रे समर्थ,” राजेशराव म्हणाले. “पण तुला जुन्या इमारतीचा महिमा कळत नाही. तू नवीन घरात वाढलास.”

“मी नौपाड्यात वाढलो, बाबा. प्लॅस्टर माझ्या डोक्यात पडलंय.”

“आणि त्यातूनच काय उगवलं, आठव!”

उगवलेली गोष्ट सगळ्यांनाच आठवत होती. ठाण्याला, नौपाड्यात, टिपणिसांची जुनी सोसायटी होती. तिचे खांब लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले होते आणि गच्चीवर जायला बंदी होती. मग एक बिल्डर आला. त्याने इमारत पाडली, बांधून होईपर्यंत सगळ्यांना दुसरीकडचं भाडं दिलं, आणि शेवटी पूर्वीपेक्षा मोठा फ्लॅट, वर पार्किंग, वर सोसायटीला घसघशीत रक्कम देऊन हात जोडले. काही न करता, पडक्या घरात चिकाटीने राहिल्याबद्दल मिळालेलं हे बक्षीस राजेशरावांच्या मनावर कायमचं कोरलं गेलं. त्यांची देवावर श्रद्धा होती, पण बेताची. रीडेव्हलपमेंटवर ती अढळ होती. इमारत जितकी जुनी तितकी बरी, आणि भेगा पडल्या असतील तर उत्तमच.

तोच नवा फ्लॅट विकून ओसाकातला घ्यायचा होता. मंगळवारी केदार आईला बँकेतल्या नोटरीकडे नेणार, शोभना मुखत्यारपत्रावर सही करणार, आणि ठाण्यातला रवीचा मित्र पुढचं सगळं बघणार. फ्लॅट दोघांच्या नावावर होता म्हणून तिची सही लागत होती. तिचं मत लागतं असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

जपान की इंडेक्स फंड, यावर घरात दोन पक्ष होते. ठाणं विकायचं, यावर मात्र एकमत होतं. फक्त त्या एकमतात शोभनाला कुणी धरलेलं नव्हतं.

नातीच्या, सियाच्या, जन्माला म्हणून ती आणि राजेशराव इथे आले होते, आणि सिया आता तिच्याहून उंच झाली होती. तेव्हापासून शोभना या घरातल्या ओट्याशी एक पाट घेऊन उभी राहत होती. अमेरिकेतले ओटे अमेरिकेतल्या बायकांच्या मापाचे असतात. पोळी लाटायची तर हिची कोपरं खांद्याच्या रेषेत यायची. पाटावर चढायचं, लाटायचं, उतरायचं, फ्रिजकडे जायचं, परत चढायचं. नौपाड्याच्या नव्या फ्लॅटचा ताबा घ्यायला गेली तेव्हा तिने गवंड्याला बोलावून, स्वतः उभी राहून, ओटा खाली घ्यायला लावला होता. बिल्डरचा माणूस म्हणाला होता, “काकू, रीसेलला प्रॉब्लेम येईल.” ती म्हणाली होती, “येऊ दे.”

त्या ओट्यावर अजून साधा चहासुद्धा झालेला नव्हता. शोभना मात्र मनाने तिथे रोज जाऊन येत असे. दुपारची वेळ, पंखा चालू, खाली भंगारवाल्याची आरोळी, आणि घरात कुणीच नाही. कुणीही काहीही जाहीर करत नाही. एवढंच चित्र होतं. परत जायचंय, हे तिने घरात दोनदा सांगितलंही होतं. एकदा डिशवॉशर चालू होता. दुसऱ्यांदा केदार म्हणाला होता, “जाऊ ना, थंडी संपली की.” मिनेसोटात थंडी संपत नसते, मध्ये सुटीवर जाते.

“आई, मी घेऊ थोडे?” हिमानी शेजारी येऊन बसली आणि वाल सोलायला लागली. तिला सासूबाईंनी जावं असं वाटत नव्हतं. त्यांनी असावं, असंही रोज वाटत नव्हतं. स्वयंपाकघर एक होतं आणि त्यात पाट आडवा येत होता.

साडेसात वाजता ओसाकात सोमवारची सकाळ झाली आणि इथे रविवारच्या उन्हातच टीव्हीवर नाकाजिमा नावाचे गृहस्थ उगवले. राखाडी कोट, नीट भांग. त्यांनी आधी वाकून नमस्कार केला, मग आपलं परवान्याचं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं आणि राजेशरावांनी ते वाचलं असल्याची खात्री होईपर्यंत हात हलवला नाही.

“याला म्हणतात संस्कार,” राजेशराव मराठीत म्हणाले. “आपल्याकडचा एजंट आडनाव विचारलं तर फोन ठेवतो.”

नाकाजिमा सावकाश इंग्रजीत बोलत होते. विक्रीचा करार करण्याआधी घराविषयीची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट घेणाऱ्याला वाचून दाखवायची, असा तिथला कायदा. घेणारे दोघं असल्याने प्रत्येकाला समजलं का, हे ते वेगवेगळं विचारतील. कृपया मॅडमनाही कॅमेऱ्यासमोर बसवावं.

शोभना पातेल्यासकट सोफ्यावर येऊन बसली.

“इमारत एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची,” नाकाजिमांनी वाचलं. “भूकंपाचे नवे नियम त्यानंतर आले. ही इमारत त्या नियमांत बसते की नाही, याची तपासणी झालेली नाही.”

राजेशरावांनी रवीकडे पाहून भुवया उडवल्या.

“पाण्याचे पाइप मूळचेच आहेत. बदलायला हवेत, पण दुरुस्तीचा निधी पुरेसा नाही. मालकांची दरमहाची वर्गणी वाढण्याची शक्यता आहे.”

“वा,” रवी पुटपुटला.

“लिफ्ट पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मजल्यावर थांबते. आपला फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे.”

“म्हणजे एक मजला पायी?” केदारने विचारलं.

“चौथ्यापासून चढून. किंवा सातव्यापासून उतरून,” नाकाजिमा म्हणाले. “नदीला पूर आला तर तळमजल्यावर पाणी येऊ शकतं. नकाशा मी पाठवला आहे. उत्तरेच्या भिंतीला भेग आहे.”

“भेग!” राजेशरावांनी मांडीवर थाप मारली. चांगल्या स्थळाची पत्रिका जुळत जावी, तसा त्यांचा चेहरा उजळत चालला होता. “रव्या, ऐकतोस ना? पाइप गेले, निधी नाही, भेग आहे. बिल्डर नुसते घिरट्या घालत असणार!”

“दादा, तीन वर्षं. जास्तीत जास्त चार.”

सिया चार्जर शोधत आली, टीव्हीतल्या माणसाला हात हलवून दाखवला आणि शोभनाच्या कानाशी म्हणाली, “आजी, व्हाय इज आबा सो हॅपी? इट साउंड्स हॉरिबल.”

“ते जुन्या घराचं वेड आहे बाळा. तू जा.”

नाकाजिमांनी पान उलटलं. फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. मिसेस हिराता, वय एकोणऐंशी, एकट्या राहतात. भाडं कधी चुकलेलं नाही. करारासोबत त्यांनाही स्वीकारावं लागेल. जपानी कायद्यात भाडेकरूला सहजासहजी काढता येत नाही.

“काढायचं कशाला?” राजेशराव उदारपणे इंग्रजीत म्हणाले. “रीडेव्हलपमेंटच्या वेळी बिल्डर त्यांना दुसरीकडचं भाडं देईलच की. आता माझा प्रश्न. रीडेव्हलपमेंट कधी होणार?”

नाकाजिमांनी डोकं किंचित कलतं केलं. “क्षमा करा. कोणाचं?”

“इमारतीचं. बिल्डर ती पाडून नवीन बांधेल, आम्हाला मोठा फ्लॅट देईल.”

“बिल्डर देईल,” नाकाजिमांनी हळूच उच्चारून पाहिलं. “त्याचे पैसे कोण देईल?”

“कोणी नाही. बिल्डर वरती जास्तीचे मजले चढवतो आणि ते विकतो. पार्किंगही देतो.”

आता नाकाजिमांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव दिसू लागली. असं कधी कधी होतं, ते म्हणाले, पण फार कमी इमारतींचं. ही इमारत जुन्या नियमांनी बांधलेली, आजच्या नियमांत बसते त्याहून मोठी. पाडून नवीन बांधली, तर ती लहान होईल.

“लहान?” राजेशराव म्हणाले.

“लहान. आणि बांधकामाचा खर्च मालकांनी करायचा. पाचांतल्या चार मालकांची संमती लागेल. बहुतेक मालक सत्तरीच्या पुढचे आहेत. गेल्या बैठकीत सायकलस्टँडच्या रंगाचा विषय होता.” त्यांनी कागद पाहून खात्री केली. “तो पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.”

केदारने तोंडावर हात ठेवला. रवीने फोन काढला आणि फार महत्त्वाचं काही वाचत असल्यासारखं त्यात डोकं घातलं.

“मिस्टर टिपणीस, समजलं का?”

“समजलं,” राजेशराव म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्या मजल्यावर थांबला होता.

“धन्यवाद. मिसेस टिपणीस, आपल्याला काही विचारायचं आहे?”

सगळ्यांनी आधी टीव्हीकडे आणि मग शोभनाकडे पाहिलं. तिला वाटलं, हा माणूस दुसऱ्याच कुणा मिसेस टिपणीसशी बोलतोय. पण तो थांबला होता, हातात पेन घेऊन, घाई न करता. तिने काही विचारलं असतं तर त्याने ते लिहून घेतलं असतं, असं स्पष्ट दिसत होतं. घरासंबंधी तिला असं शेवटचं कुणी विचारलं होतं? नौपाड्यातल्या त्या गवंड्याने.

तिने हात पदराला पुसले.

“त्या बाईंचा ओटा किती उंच आहे?” तिने मराठीतच विचारलं. “हिमानी, सांग त्यांना. स्वयंपाकाचा ओटा.”

“आई, आत्ता ओट्याचं काय?” केदार म्हणाला.

“मला विचारलंय त्यांनी, तुला नाही.”

हिमानीने इंग्रजीत विचारलं. नाकाजिमांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी कागद चाळले, माफी मागितली, आणखी कागद चाळले. “ऐंशी सेंटिमीटर. हल्लीच्या ओट्यांपेक्षा कमी. मिसेस हिरातांना तो सोयीचा आहे. शेवटपर्यंत तिथेच राहायची त्यांची इच्छा आहे, असं त्यांनी मला कळवायला सांगितलं होतं.”

“बरोबर आहे त्यांचं,” शोभना म्हणाली. “विचारलंत, आभारी आहे. माझं झालं.”

नाकाजिमांनी निर्णय कळवायला सांगितलं, खोल वाकून नमस्कार केला, आणि टीव्हीवर परत केदारच्या लॅपटॉपवरचं ग्रँड कॅन्यन आलं.

पहिला बोलला तो केदार. “मी सांगत होतो की नाही? आता आर्ग्युमेंट संपली. मंगळवारी सही, पैसे इंडेक्स फंडात, विषय क्लोज.”

“मी मंगळवारी सही करणार नाही,” शोभना म्हणाली.

“ठीक आहे, बुधवारी जाऊ.”

“बुधवारीही नाही. ठाणं विकायचं नाहीये. मी तिथे जाऊन राहणार आहे.”

तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, वाल सोलता सोलता. जोर लावायचं त्राण तिच्यात नव्हतं. पण डिशवॉशर बंद होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

“राहणार म्हणजे? व्हिजिटला?” केदारने विचारलं.

“व्हिजिटला मी इथे आले होते. नातीच्या बारशाला.”

“आई, बी प्रॅक्टिकल यार. तुझे गुडघे, बीपी. तिथे एकटी पडलीस तर कोण बघणार?”

“इथे तरी दुपारी मी पडले तर कोण बघतं? तुमचा तो दारावरचा कॅमेरा.”

“पण मुळात काय कमी आहे तुला इथे?”

हा प्रश्न अवघड होता, कारण कमी काहीच नव्हतं. शोभनाने थोडा विचार केला. “चार इंच,” ती म्हणाली. “ओटा चार इंच जास्त आहे. कमी काही नाही.”

“ओटा? मी उद्या कॉन्ट्रॅक्टरला फोन करतो!”

“अजिबात नाही,” हिमानी इतक्या झटकन म्हणाली की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. “म्हणजे… केदार, मुद्दा ओट्याचा नाहीये. आईंना त्यांच्या घरात जायचंय. जाऊ दे ना. आपण वर्षाआड जाऊ. सियाची शाळा संपली की तीही जाईल.” आणि तिने पातेल्यात हात घालून सासूबाईंचा हात पाण्यातच दाबला. तो प्रेमाने दाबला की कृतज्ञतेने, ते शोभनाला कळलं. पण मैत्रीला निमित्त कुठलंही चालतं, असं तिला या वयात वाटायला लागलं होतं. तिनेही दाबला.

रवीने फोन खिशात टाकला. वारा कुठून वाहतोय हे त्याला नेहमी सगळ्यांच्या आधी कळायचं.

“खरं सांगू? मला पहिल्यापासून वाटत होतं, वहिनींचं बरोबर आहे.”

“काय वाटत होतं तुला, रवी भावजी?” शोभनाने विचारलं. “मी तर आत्ता बोलले.”

“नाही, पण… ओल्ड थाने इज गोल्ड. आणि मला हिवाळ्यात महिना-दोन महिने इंडियात काम असतं, हॉटेलात किती राहणार? वहिनींच्या हातचं बिरडं…”

“हॉटेलातच राहा,” शोभना म्हणाली.

“काका, तुम्ही काल रात्री म्हणालात की रिअल इस्टेटमध्ये इमोशन म्हणजे कॅन्सर,” केदार म्हणाला.

“ते जपानबद्दल म्हणालो होतो मी.”

“तुम्ही ठाण्याबद्दल म्हणालात!”

“अरे, तू तुझ्या आईला जायला विरोध करतोस आणि मला ज्ञान शिकवतोस?”

काका-पुतण्याची जुंपली. अर्ध्या तासापूर्वी दोघं ठाणं विकण्यावर ठाम होते. आता एक जण ते राखायला निघाला होता, दुसरा ओटा फोडायला, आणि दोघांनाही आपण शोभनाच्याच भल्यासाठी भांडतोय असं मनापासून वाटत होतं. शोभनाला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तो यायलाही अंगात जागा लागते, आणि तिचे खांदे दुखत होते. आत कुठे तरी एक गाठ मात्र सैल झाली होती. दुपार. पंखा. भंगारवाला. आणि कुणीच नाही.

राजेशराव या भांडणात नव्हतेच.

ते उठून काचेच्या दाराशी गेले होते. बाहेर डेकवर शेजाऱ्यांच्या ग्रिलचा धूर येत होता आणि हिरवळीवर दोन हंसबदकं मालकांच्या थाटात फिरत होती. ते पाठमोरे उभे राहिले. त्यांची पाठ तिने एवढी वर्षं पाहिली होती. इमू मेले तेव्हा ती अशी दिसली होती, पण इतकी म्हातारी नव्हती दिसली.

हळूहळू काका-पुतण्याचंही लक्ष त्या पाठीकडे गेलं. घराण्याच्या कर्त्या पुरुषाने अजून निकाल दिलेला नव्हता. ते चिडतील, केदारला वाटलं. ते रडतील, हिमानीला वाटलं. रवीला वाटलं, ते आता आपल्याकडे वळतील, म्हणून तो बाथरूमच्या दिशेने दोन पावलं सरकला.

राजेशराव वळले. त्यांनी घसा खाकरला. एक हात दाराच्या चौकटीवर टेकवला, म्हणजे काही तरी जाहीर होणार होतं. शोभनाने चिमटीतला वाल तसाच धरून ठेवला.

“ठाण्याला,” ते म्हणाले, “माणसाने शेवटी…” आणि थांबले. माणसाने शेवटी काय करावं ते बहुधा त्यांना सुचलं नाही. ते तिच्याजवळ आले, सोफ्याच्या हातावर टेकले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले,

“तिकिटं काढशील तेव्हा मला आइल सीट घे हं. रात्रीतून तीनदा उठावं लागतं.”